पोच

माघ शुद्ध सप्तमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जो कोणी ग्वारीघाटावर उतरतो, त्याला नर्मदेच्या जन्मोत्सवाचा उरलेला भाग पाहावा लागतो. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत विझलेले दिवे, पानांचे द्रोण, निर्माल्याचे ओले ढीग, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीच्या पुड्यांचे चकाकते कागद आणि कोणीतरी मैयाला नेसवलेली एखादी चुनरी, जी मैयाने चिखलासह परत केलेली असते. पलीकडच्या तीरावरील गुरुद्वाऱ्याचे दिवे अजून पाण्यात हलत असतात. जबलपूर शहर निजलेले असते आणि घाट एखाद्या लग्नघरासारखा, पाहुणे गेल्यानंतरचा, थकलेला दिसतो.

या घाटावर २०१४ पासून एक निवृत्त मराठी गृहस्थ खराटा घेऊन येऊ लागले. त्यांचे आजोबा नागपूरकडून येथे आले ते तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली उभा राहिल्यानंतरच्या काळात. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा त्या कुटुंबाचा व्यवहार होता. स्वतः गृहस्थांनी चौतीस वर्षे एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात काढली. येणाऱ्या अर्जावर क्रमांक घालावा, तारखेचा शिक्का मारावा, दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी आणि कागद पुढच्या टेबलाकडे ढकलावा, एवढेच त्यांचे काम. अर्जात काय लिहिले आहे हे वाचण्याचे त्यांना कारण नव्हते आणि सवडही नव्हती.

एकट्या माणसाच्या खराट्याला कोणी अडवत नाही. पहिली दोन वर्षे त्यांना कोणी काही विचारले नाही. परिक्रमावासीयांनी नमस्कार केला, फुलवाल्यांनी आपला ओटा झाडून घेतला, इतकेच. नर्मदेच्या काठाने चालणाऱ्याला जसा परवाना लागत नाही, तसाच तिच्या काठी वाकणाऱ्यालाही लागत नसावा, अशी त्यांची समजूत होती. याच शहरातील चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) १९७७ पासून टप्प्याटप्प्याने हा काठ चालले, ते काय कोणाच्या सहीने चालले? मग शेजारची दोन मुले सोबत येऊ लागली. त्यांच्या मागून त्यांचे मित्र आले, एका शिक्षिकेने आपला वर्ग पाठवला, आणि एका रविवारी दुर्गाविसर्जनानंतर घाटावर साठ माणसे उभी राहिली. त्या दिवशी प्रथमच एक शिपाई पायऱ्या उतरून खाली आला.

‘‘बाबूजी, परमिशन है?’’

गृहस्थ दुखावले. झाडू मारायलाही परवानगी लागते काय, असे त्यांनी जरा चढ्या स्वरात विचारले. शिपाई वयाने लहान होता. त्याने नम्रपणे उत्तर दिले, ‘‘झाड़ू की नहीं बाबूजी, भीड़ की।’’

त्या रात्री त्यांच्या जेवणात लक्ष नव्हते. भिंतीवर गाडगेबाबांची तसबीर होती. बाबांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर आधी गाव झाडले आणि मग कीर्तनाला उभे राहिले. त्यांनी कोणत्या कचेरीत अर्ज दिला होता, असे ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. त्यांची पुतणी उच्च न्यायालयात वकिली करते. मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६ पासून जबलपुरात असल्याने या शहरात घरोघरी एखादा तरी वकील सापडतो, आणि जेवणाच्या पानावरही कलमे वाढली जातात. ती म्हणाली, ‘‘काका, बाबा स्वतः झाडत. तुम्ही दुसऱ्यांची मुले घेऊन जाता.’’

हे वाक्य त्यांनी त्या वेळी मनावर घेतले नाही. पुतणीने पुढे जे सांगितले ते मात्र त्यांना सुखावून गेले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांची यादी संविधानात आली आणि वने, तळी, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे त्या यादीतील एक कर्तव्य ठरले. शांततेने आणि निःशस्त्र एकत्र येण्याचा हक्क तर संविधानाच्या आरंभापासूनच आहे. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले होते की, सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन शासनाला करता येईल; पण कोणतीही दिशा न ठरवता केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवानगी टांगून ठेवता येणार नाही. म्हणजे हक्क नागरिकाचा, नियमन शासनाचे. एरवी जमावबंदीचा आदेश निघाला, की साठ माणसांचे पुण्यकर्महीदेखील जमावच ठरते. हा आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. नदीला हे आकडे ठाऊक नसतात, पण तिच्या काठी माणसे जमवणाऱ्याला ते ठाऊक असावे लागतात.

अर्ज लिहायला बसल्यावर पहिलाच प्रश्न अडला : अर्ज करावयाचा कोणाकडे? जबलपूर हे एक शहर आहे असे नकाशा सांगतो. दप्तर तसे सांगत नाही. एक पट्टा महानगरपालिकेचा, दुसरा छावणी मंडळाचा, तिसरा लष्करी कारखान्यांचा, चौथा रेल्वेचा; टेकडीचा उतार कोठे वनखात्याचा तर कोठे महसूल खात्याचा; भेडाघाटला निराळी नगर परिषद. रुळाच्या कडेचा कचरा उचलायला गेलेला स्वयंसेवक रेल्वेच्या १९८९ च्या अधिनियमाखाली विनापरवाना घुसखोर ठरू शकतो. राखीव वनात पालापाचोळा गोळा करून पेटवणारा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली अपराधी ठरतो, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या आवारात स्वच्छतेची सभा भरवायची, तर संरक्षित स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे पुरातत्त्व खात्याची अनुमती हवी. तेथे कुदळ मारणे तर दूरच राहिले.

तळ्यांची कथा याहून अवघड. या शहरात बावन्न तळी होती असे जुनी माणसे सांगतात. राणीचे राणीताल, दासीचे चेरीताल, राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचे आधारताल. दुर्गावती १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना पडली. तिच्या काळाशी जोडलेली ही नावे आज मुख्यतः मोहल्ल्यांची नावे आहेत. चेरीतालला जाणाऱ्या माणसाला तेथे पाणी दिसेल अशी अपेक्षा नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी यांच्या खटल्यात गावतळ्यांसारख्या सामाईक जागा राखण्याचे बंधन सरकारी यंत्रणेवर असल्याचे स्पष्ट केले. पण तळे साफ करायला निघालेल्या मंडळींना आधी हे पाहावे लागते, की ज्या खड्ड्यातून ते प्लास्टिक काढणार आहेत, तो खसऱ्यात अजून तळे म्हणून नोंदलेला आहे की कोणाची खाजगी जमीन म्हणून. खाजगी जमिनीवरील कचराही मालकाला विचारल्याविना उचलता येत नाही.

गृहस्थांना या साऱ्याचा कंटाळा आला नाही. कागदांच्या जगात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांना त्यातील शब्दांचे बारकावे आवडू लागले. ‘सूचना देणे’, ‘परवानगी मागणे’ आणि ‘ना-हरकत घेणे’ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे चौतीस वर्षे शिक्के मारूनही त्यांना उमगले नव्हते. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी असे घातले, की परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसे जमवायची असतील, तर आयोजकाने कामकाजाचे तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे, जागेवरच कचऱ्याचे वर्गीकरण करावे आणि तो ठरलेल्या यंत्रणेच्या हवाली करावा. येथे परवानगी मागायची नव्हती, कळवायचे होते. ध्वनिक्षेपकासाठी मात्र लेखी परवानगी हवी : राज्याचा कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ चा आणि केंद्राचे नियम २००० चे. त्यांनी ध्वनिक्षेपक सोडून दिला आणि शिटी घेतली. ना-हरकत हा शब्द सर्वांत विलक्षण. त्यात कोणी काही देत नाही. आपली हरकत नाही एवढेच सांगून प्रत्येक कचेरी बाजूला सरते, आणि सगळ्या बाजूला सरल्यावर मध्ये एकटा अर्जदार उभा राहतो.

अर्ज दिला, पोच मिळाली, आणि यथावकाश परवानगीही आली. पत्राखाली अटी होत्या. शेवटची अट अशी की, कार्यक्रमादरम्यान घडणाऱ्या कोणत्याही अपघाताची सर्वस्वी जबाबदारी आयोजकाची राहील. ही ओळ त्यांच्या चांगली ओळखीची होती. शेकडो पत्रांच्या तळाशी ती त्यांनी पाहिली होती. जावक क्रमांक घालताना तिच्यावरून त्यांचे बोट कितीदा तरी फिरले होते. पत्राला जसा शेवटी ‘आपला विश्वासू’ असतो, तशीच ही ओळ असते, असेच ते समजत आले होते.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, देवीविसर्जनानंतरच्या रविवारी, एका अकरा वर्षांच्या मुलाने चिखलातून प्लास्टिकची पिशवी ओढली. पिशवीत कोणीतरी वापरून टाकलेल्या सुया होत्या. एक सुई त्याच्या तळहातात गेली. तो रडला नाही. इतरांना दाखवावी तशी ती सुई त्याने वर धरली.

इस्पितळात धनुर्वाताची लस टोचून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, सुई कोणाची होती? याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. म्हणून कावीळ आणि एड्स यांच्या प्रतिबंधाचे उपचार सुरू करावे लागले; ते बहात्तर तासांच्या आत, आणि होईल तितके लवकर, सुरू करायचे असतात. रक्ताच्या तपासण्या पुन्हा सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. मुलाचे वडील कारखान्याची पाळी सोडून आले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. बाकावर शेजारी बसून त्यांनी एवढेच विचारले, ‘‘परमिशन तो थी न आपके पास?’’

परवानगी होती. पोलिसांची होती, पालिकेची पोच होती. सगळे कागद कापडी पिशवीत नीट लावून ठेवलेले होते. पण त्या मुलाच्या आईबापांची परवानगी नव्हती. तो आपल्या थोरल्या भावाचे बोट धरून आला होता, आणि त्याला कोणी नाव विचारण्यापूर्वी हातात पोते दिले होते. जेथे जेथे कागद मागितला गेला तेथे तेथे गृहस्थांनी तो नेला होता. जेथे कोणी मागणार नव्हते, तेथे त्यांनी विचारलेच नव्हते. पुतणीच्या त्या वाक्याचा अर्थ त्यांना इस्पितळाच्या बाकावर लागला.

त्यांनी तिला कायदा विचारला तो आता स्वतःच्या बचावासाठी नव्हे. तिने सांगितले की, १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे अज्ञान मुलाचा करार होऊच शकत नाही. मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली तो आरंभापासूनच शून्य ठरवला. जाणतेपणी धोका पत्करणाऱ्याला नंतर तक्रार करता येत नाही, असे एक जुने तत्त्व आहे खरे; परंतु ते लागू व्हायला धोका आधी ठाऊक असावा लागतो. ज्याला सुया असतील हे सांगितलेच नाही, त्याने सुयांचा धोका पत्करला असे कसे म्हणावे? आणि प्रौढांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर आलो’ असे लिहून घेतले, म्हणून आयोजकाची हयगय धुऊन निघत नाही. निष्काळजीपणाने जीव गेला तर तो फौजदारी अपराध आहे, तेथे असली चिठ्ठी ढाल होत नाही. ‘‘काका, अर्ज देणे हे काम सुरू करण्यापुरते,’’ ती म्हणाली. ‘‘जबाबदारी त्याच्या नंतरची.’’

सहा महिने घाटावर कोणी जमले नाही. गृहस्थ एकटे जात, एकटे झाडत. प्रत्येक तपासणीच्या दिवशी ते इस्पितळाच्या दारापर्यंत जात आणि बाहेरच उभे राहत. एप्रिलमध्ये शेवटचा अहवाल आला. मुलाला काही झाले नव्हते. वडिलांनी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि परत करताना सवयीने त्यांचा हात खिशातील शिक्का शोधावा तसा हलला.

मे महिन्यात पुन्हा माणसे जमली, पण घाटाच्या वरच, पायऱ्या उतरण्यापूर्वी. तेथे एक वही ठेवलेली असे. नाव, वय, घरचा दूरध्वनी, कोणाला काही आजार. अठरा वर्षांखालच्यांसाठी आईबापांची सही, आणि सहीच्या आधी त्या दिवशी काय काय लागू शकते, चावू शकते, घसरवू शकते हे वाचून दाखवलेले. जाड हातमोजे आणि लांब चिमटे. सुया व फुटक्या काचा यांसाठी निराळा कठीण डबा. त्याला मुलांनी हात लावायचा नाही. नाल्यात कोणी उतरायचे नाही. ओमती नाल्याच्या सफाईसाठी दोन उत्साही तरुणांनी कंबरेला दोर बांधण्याची तयारी केली होती. त्यांना सांगण्यात आले की, गटारात उतरून धोक्याची सफाई करायला माणूस लावू नये म्हणून २०१३ साली कायदा झाला, तो केवळ वेतन घेणाऱ्याच्या जिवाची किंमत सांगत नाही.

पावसाळ्यात वर बरगी धरणाचे एकवीस दरवाजे आहेत याचे भान ठेवावे लागते. ते उघडले की जबलपूरच्या घाटांवर पाणी चढते. म्हणून आदल्या संध्याकाळी विचारणा केल्याविना कोणी खालच्या पायरीवर जात नाही, आणि पावसाचा जोर असेल तर तो रविवार सरळ रद्द होतो. वाळूच्या पट्ट्यावर कासवाची अंडी किंवा टिटवीचे घरटे दिसले, तर तेथील कचरा तसाच राहू द्यायचा. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाच्या लेखी घरटे विस्कटणे हीसुद्धा शिकारच आहे. स्वच्छ किनारा आणि सुना किनारा यांत फरक असतो.

उचललेला कचरा जायचा कोठे, हा प्रश्न तर प्रत्येक मोहिमेला कधी ना कधी गाठतोच. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी २०१५ साली सफाई सुरू केली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. आणि तरीही २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांना काम थांबवावे लागले, कारण स्वयंसेवकांना त्रास होत होता आणि गोळा केलेला कचरा किनाऱ्यावर पडून राहत होता. काम पुढे पुन्हा सुरू झाले आणि २०१८ च्या मार्चमध्ये तेथे कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. त्यातून घेण्यासारखा धडा एवढाच, की ट्रॉली येण्याचे निश्चित झाल्याविना पोते भरू नये. भरलेले पोते पावसात फुटले, तर जो कचरा कोणाचाच नव्हता, तो आता आयोजकाचा होतो.

झाडांचेही तसेच. २ जुलै २०१७ रोजी मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे शासनाने जाहीर केले. त्या दिवशी रोप लावणाऱ्या हातांत श्रद्धा नव्हती असे कोण म्हणेल? पण जबलपूरचा मे महिना रोपाला श्रद्धा विचारत नाही, पाणी विचारतो. गृहस्थांच्या मंडळींनी त्यानंतर जेवढी रोपे लावली, त्यांतील प्रत्येकापुढे वहीत एक नाव लिहिले : लावणाऱ्याचे नव्हे, तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्याचे. रोपांची संख्या त्यामुळे फार थोडी झाली.

एवढे सारे झाल्यावर एका सकाळी एक म्हातारा नावाडी त्यांच्याजवळ येऊन बसला. ‘‘सबसे पूछ लिया बाबूजी,’’ तो म्हणाला, ‘‘हमसे नहीं पूछा।’’ त्याचे खरे होते. घाटावर दिवे विकणाऱ्या मुली, दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातून नाणी काढणारी पोरे, नावाडी, फुलवाल्या या सर्वांची चूल त्या पायऱ्यांवर पेटते. रविवारी साठ माणसे पायऱ्या अडवून उभी राहिली की त्यांची पहिली विक्री बुडते. कोणत्याही कायद्यात त्यांची ना-हरकत घ्यावी असे लिहिलेले नाही. पुढल्या रविवारपासून सफाई तासभर आधी, गिऱ्हाईक येण्यापूर्वी, सुरू झाली; आणि खालच्या बाजूला भोवरा कोठे आहे, शेवाळ कोणत्या पायरीवर आहे हे नावाडी सांगू लागले. ही माहिती कोणत्याही परवानगीपत्राबरोबर आली नव्हती.

मराठीत पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची खूण. आणि पोच म्हणजे समज, मागचापुढचा विचार करण्याची कुवत. ‘याला पोच नाही’ असे घरातील वडीलमाणसे म्हणत, तेव्हा लहानपणी गृहस्थांना वाटे, की या माणसाजवळ काही कागद नसावा. पुढे चौतीस वर्षे त्यांनी पहिल्या अर्थाची पोच वाटली. दुसरी त्यांना फार उशिरा मिळाली.

२०२५ च्या एका रविवारी वहीपुढे एक उंच तरुण उभा राहिला. त्याने स्वतःचे नाव लिहिले, वयाच्या रकान्यात अठरा लिहिले. पालकांच्या सहीचा रकाना त्याला आता लागू नव्हता. तरी त्याचे वडील सोबत आले होते आणि चार पावले मागे उभे होते. धोक्यांची यादी वाचून दाखवण्यात आली. सुयांचा उल्लेख आला तेव्हा तरुणाने मान खाली घालून हातमोजे चढवले. गृहस्थांनी वडिलांकडे पाहिले. वडिलांनी मान हलवली. मग गृहस्थांनी वहीत क्रमांक घातला, तारीख लिहिली, आणि ट्रॉली निघाली की नाही हे विचारायला दूरध्वनी लावला.